झाकलेली पाठ

मी एक जुना तख्ता आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो. म्हातारं लाकूड म्हटलं की तुम्हाला वाटतं, आता हे क्षमा, शांती असलं काहीतरी गोड गोड सांगणार. ते माझ्याकडे मिळणार नाही.

सुताराने मला जाड फळ्यांचा बनवलं आणि पायाकडे दोन बोटं उतार ठेवला. मशिदीमागच्या खोलीत मला बसवलं. तिथे माझ्यावर बायकांच्या मय्यतीला शेवटची आंघोळ घालत, म्हणजे गुस्ल देत. ते काम खालाचं, सगळ्या वस्तीच्या मावशीचं. पाणी कोमट आहे ना, हे ती आधी स्वतःच्या मनगटावर बघायची. शरीर सुटलं तरी रूह, म्हणजे आत्मा, जवळच असते, आपल्याला कोण धुतंय आणि कसं धुतंय हे तिला कळतं, अशी तिची पक्की श्रद्धा. म्हणून ती बोलत बोलत धुवायची. "आता कूस बदलते हं, बाई. घाबरू नकोस."

खालाचा एक नियम होता. मेलेल्या माणसाचं काही वावगं दिसलं तर ते झाकायचं. जो झाकेल त्याचे दोष अल्लाह कयामतच्या, शेवटच्या निवाड्याच्या, दिवशी झाकेल. तीस वर्षांत तिच्या तोंडून अवाक्षर बाहेर पडलं नव्हतं. लोक तिचं कौतुक करत, आणि तिच्याबरोबर थोडं माझंही. मीही फुशारून जायचो.

मग एका दुपारी बाइंडरची लेक आली. पुस्तकांची बांधणी करणाऱ्या बापाची ती एकुलती एक. घड्याळजीला दिलेली, लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. "जिन्यावरून पाय घसरला," असं तिची सासू म्हणाली. खालाने तिला कुशीवर वळवलं आणि तिचा हात तिथेच थांबला. पाठभर पट्ट्याचे वळ. काही काळेनिळे, काही जुने, पिवळे पडलेले. मित्रांनो, कुठला जिना असा महिनोन्महिने मारतो?

सासू दारातच उभी होती. "खाला, मय्यतीचं झाकायचं असतं. तुम्हाला मी काय सांगणार!"

आणि खालाने झाकलं. कापराचं पाणी घातलं, कफन गुंडाळलं, गाठी बांधल्या.  मी फळीफळीतून संतापलो. ती पाठ माझ्यावर टेकली होती, खालावर नव्हे!

वर्षभराने घड्याळजीचं दुसरं लग्न ठरलं, पावाच्या भट्टीवाल्याच्या मुलीशी. बिचारा भट्टीवाला पिठाच्या हातांनीच खालाकडे चौकशीला आला. "पहिलीला तुम्हीच गुस्ल दिलात ना? ते घर कसं आहे हो?"

"मी मेलेल्यांचं बोलत नाही, भाऊ," खाला म्हणाली. तो गेला आणि ही माझ्या कडेवर मटकन बसली.

अस्रच्या, दुपार उतरतानाच्या, नमाजेनंतर तिने मौलानांना खोलीच्या दाराशी गाठलं आणि नाव न घेता विचारलं. मौलाना तिथेच उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "झाकायचा तो मेलेल्याचा दोष. मार खाल्ला हा तिचा दोष होता का, खाला? ती तर तिची साक्ष होती. तुम्ही साक्ष पुरलीत."

"या अल्लाह! ती कयामतच्या दिवशी माझा पदर धरून जाब मागणार," खाला म्हणाली आणि ढसाढसा रडली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तिने बाइंडर आणि भट्टीवाला, दोघांनाही त्या खोलीत बोलावलं. माझ्यावर हात ठेवून सगळं सांगितलं, वळ कुठे होते तेही. भट्टीवाल्याने तिथल्या तिथे लग्न मोडलं. बाइंडर भिंतीला धरून उभा होता.

"मला माफ करा, भाईजान," खाला म्हणाली. "उशीर केला मी."

"तुम्हाला माफ," तो म्हणाला. "त्याला नाही. मरेपर्यंत नाही, मेल्यावरही नाही."

घड्याळजी काय म्हणाला असेल? "पुरावा दाखवा!" पुरावा मातीखाली जाऊन वर्ष झालं होतं. वर गावात आपलं नाव राहावं म्हणून त्याने मशिदीला चकचकीत स्टीलचं टेबल दिलं आणि मला, सडकं लाकूड म्हणून, अंगणात फेकायला लावलं. फेक बाबा, फेक! मी कुठे जातोय?

अंगणात लोकांनी मला दोन दगडांवर ठेवलं. शेवटच्या नमाजेआधी जनाजा, म्हणजे मय्यतीची खाट, माझ्यावर टेकवू लागले. बारा वर्षं उन्हापावसात मी वाट बघितली, आणि एका शुक्रवारी घड्याळजी आला. आडवा. माझ्यावरच.

रूहला ऐकू येतं म्हणतात ना? मग मी एकेक वळ मोजून ऐकवला.

त्याच्या भावाने रीतीप्रमाणे जमलेल्यांना विचारलं, "माझ्या भावाकडून कुणाला काही त्रास झाला असेल तर अल्लाहसाठी माफ करा." सगळे पुटपुटले, "माफ केलं." स्वतःविरुद्धचे गुन्हे अल्लाह माफ करील, पण माणसाचा हक्क ज्याचा त्यानेच सोडायचा असतो. मागच्या रांगेतून म्हातारा बाइंडर मोठ्याने म्हणाला, "माझ्या लेकीचा हक्क बाकी आहे. मी माफ केलेलं नाही."

 भाऊ पुन्हा विचारायला धजला नाही. जनाजा तसाच उचलला आणि नेला, कबरीत जाब विचारणाऱ्या त्या दोन फरिश्त्यांच्या, देवदूतांच्या, सवालांकडे.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, सावलीही नको. कुणाच्या पाठीवर वळ दिसला तर ती पाठ चालतीबोलती असतानाच ओरडा. ती माझ्यावर येईपर्यंत थांबू नका. कयामतला तोंडांना कुलूप लागेल, हात-पाय आणि कातडी साक्ष देतील, जमीनही देईल. लाकडाला बोलू देतील की नाही, ठाऊक नाही. दिलं, तर पहिला मी उठणार आहे.