त्रेचाळीस दिवसांचं पाणी

समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या संशोधन केंद्रात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. सहलीला येणारी शाळेची मुलं तिला ‘पाणीबाई’ म्हणत, आणि मुलांचं ऐकून केंद्राचे प्रमुख, म्हणजे मोठे सरही, तेच म्हणायला लागले होते. सव्वीस वर्षं ती रोज सकाळी सहाला धक्क्याच्या टोकाला जाऊन दोरीची बादली समुद्रात सोडत होती. भरलेली बादली वर ओढायची, थर्मामीटर बुडवायचा, पाण्याचा खारेपणा बघायचा आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. मग दिवसभर माशांच्या टाक्या घासायच्या, पंपाची जाळी साफ करायची, मुलांना तारामासा हातात कसा धरायचा ते दाखवायचं. हल्ली संध्याकाळपर्यंत गुडघे बोलायला लागत. कुणी विचारलं तर ती म्हणे, “माझं काही नाही, गुडघ्यांना विचारा.”

त्या मंगळवारी पंपात शेवाळ अडकलं होतं. दोन तास त्याच्याशी झटून ती ओल्या हातांनी बाहेर आली, तोच प्रयोगशाळेतून संशोधक मुलीची हाक आली. ही मुलगी सात महिन्यांपूर्वी केंद्रात आली होती आणि पाणीबाईच्या सगळ्या वह्यांमधले आकडे एक एक करून कॉम्प्युटरवर चढवत होती.

“बाई, एक मिनिट या ना. तुम्हालाच पहिल्यांदा दाखवते.”

पाणीबाई पदराला हात पुसत तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ होती.

“ही तेरा वर्षांपूर्वीची रेघ. वर-खाली, वर-खाली आणि इथं बघा, एकदम सपाट! सलग त्रेचाळीस दिवस पाणी चोवीस अंशांच्या आसपास. आणि पुढच्याच वर्षी खाडीतलं समुद्रगवत दुपटीनं पसरलं. पाणी इतके दिवस स्थिर राहिलं म्हणून गवत सावरलं, असं मी म्हणतेय. सगळा लेख यावरच उभा आहे, बाई. शुक्रवारी पाठवतेय. आणि आभारात तुमचं नाव पहिलं.”

पाणीबाई कसंबसं “छान” म्हणाली आणि टाक्यांकडे परतली.

ते त्रेचाळीस दिवस तिला तारखेनिशी पाठ होते. नवऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, आणि ती रात्रंदिवस हॉस्पिटलमधल्या बाकड्यावर होती. सासूबाई यायच्या त्या सकाळी नऊला. त्यानंतर केंद्रात पोचायला दहा वाजत. दहाचं पाणी सहाचं म्हणून लिहिता येत नाही, ऊन चढलेलं असतं. म्हणून तिनं पहिल्या दिवशी आदल्या दिवसाचेच आकडे जरा वर करून लिहिले. दुसऱ्या दिवशी जरा खाली. तिसऱ्या दिवसापासून ती विचार न करता तेच आकडे थोडे इकडेतिकडे करून लिहीत गेली. नवरा घरी आला, ती पुन्हा सहाला धक्क्यावर जायला लागली, आणि ती पानं वहीतच मिटून गेली.

घरी गेल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तेरा वर्षांत पहिल्यांदाच. तो खिडकीशी बसून डाव्या हातानं पेपर चाळत होता. त्याचं तोंड अजून एका बाजूनंच हसत असे.

“म्हणजे माझ्या आजारपणात समुद्रसुद्धा थंड पडला म्हणायचा,” तो म्हणाला.

“चेष्टा नको. त्या पोरीचा लेख शुक्रवारी जायचाय.”

त्यानं पेपर बाजूला ठेवला. “दोन वर्षांत रिटायर होशील. कुणाला कळणार आहे?”

“कुणालाच नाही.”

“मग?”

“मग तेच ना.” ती भिंतीला टेकून खाली बसली. “कुणालाच कळणार नाही, म्हणून तर मलाच सांगावं लागणार.”

तो म्हणाला, “तेव्हा कुणाकडे सुट्टी का नाही मागितलीस?”

“मागायचं सुचलंच नाही,” ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मुलगी आपणहूनच धक्क्यावर आली. गळ्यात कॅमेरा होता. लेखासोबत बाईंचा बादली ओढतानाचा फोटो तिला हवा होता.

“फोटो नको काढूस,” पाणीबाई म्हणाली. “आधी ऐक.”

आणि तिनं हातातली दोरी न सोडता सगळं सांगून टाकलं. आजारपण सांगताना तिला स्वतःचाच राग आला, कारण ते सबबीसारखं वाटत होतं. मुलगी ऐकत राहिली. तिचे कान हळूहळू लाल झाले.

“सात महिने, बाई,” ती शेवटी म्हणाली. “सात महिने मी तुमचं अक्षर वाचतेय.”

“हो.”

“आता बाकीचे आकडे तरी खरे कशावरून?”

या प्रश्नाची तयारी पाणीबाईनं केली नव्हती. रागावेल, रडेल, सरांकडे जाईल, इतकाच विचार तिनं केला होता. सव्वीस वर्षांच्या सकाळी एका वाक्यात संशयात पडतील, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“माझ्या सांगण्यावरून,” ती म्हणाली. “दुसरं काही नाही माझ्याजवळ.”

मुलगी वळून चालू लागली. पाणीबाईनं बादली ओढली, आकडे घेतले, लिहिले. मग वही घेऊन ती मोठ्या सरांच्या खोलीत गेली.

सरांनी तेरा वर्षांपूर्वीची ती वही कपाटातून काढली आणि चष्मा कपाळावर सरकवून पानं उलटली. प्रत्येक आठवड्याच्या शेवटी त्यांची हिरवी सही होती.

“सहा सह्या आहेत माझ्या यात,” ते थकल्या आवाजात म्हणाले. “पाणी दीड महिना हललं नाही, आणि मी मान वर करून विचारलंसुद्धा नाही. तुमचा नवरा आजारी आहे, हे मला माहीत होतं, पाणीबाई. मी एकदा फळं घेऊन आलो होतो हॉस्पिटलात.”

“आला होतात, सर.”

“आणि सकाळी सहाला तुमच्याऐवजी कोण जातंय, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.”

त्यांनी तिच्यापुढे लाल पेन ठेवलं. तिनं एकेका दिवसाच्या आकड्यांवर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘मोजलेले नाहीत’. त्रेचाळीस वेळा. खाली तिनं सही केली, आणि तिच्या सहीखाली सरांनी त्यांची.

शुक्रवारी लेख गेला नाही. तीन आठवडे मुलगी तिच्याशी कामापुरतंच बोलत होती. ‘टाकी चारची जाळी फाटलीय’, ‘पंप बंद करते’, एवढंच. रोज दुपारी ती बंदराच्या कचेरीत जाई. तिथंही आठवड्यातून एकदा पाण्याचं तापमान मोजत, आणि त्याचे जुने कागद एका गोदामात कुबट होऊन पडले होते. ती संध्याकाळी शिंकत परत येई. पाणीबाईनं एकदा तिच्या टेबलावर गरम पाण्याचा थर्मास ठेवला. तो तसाच परत आला. दुसऱ्यांदा ठेवला, तो रिकामा परत आला.

चौथ्या सोमवारी पाणीबाई स्टुलावर चढून टाकीची काच घासत होती. मुलगी दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, नाक लाल.

“बंदराच्या कागदांशी तेराशे आठवडे ताडून पाहिले,” ती म्हणाली. “त्रेचाळीस दिवस सोडले तर बाकीचं जुळतंय.”

पाणीबाईनं स्टुलावरूनच वळून पाहिलं.

“तुझ्या लेखाचं काय?”

“नव्यानं लिहीन. गवत का वाढलं, ते आता मला माहीत नाही.” मुलीनं नाक पुसलं. “अजून थोडी चिडलेय मी, बाई.”

“असू दे.”

“ती खालची काच मी घासते. तुम्हाला वाकवत नाहीये.”

दोघींनी मिळून काचा संपवल्या.

त्या दिवशी पाणीबाई चार वाजताच घरी आली. चपला दारातच सोडून पलंगाच्या कडेला बसली. “बाकीचं जुळतंय म्हणाली,” तिनं नवऱ्याला सांगितलं. तो डाव्या हातानं तिच्यासाठी पेल्यात पाणी ओतत होता. जुळणारच होतं, मला आधीच माहीत होतं, असं काहीतरी तो सांगत सुटला. पेला भरून त्यानं वळून पाहिलं, तर ती बसल्या जागीच आडवी होऊन गाढ झोपली होती, पाय अजून जमिनीवरच. त्यानं पेला खाली ठेवला आणि एका हातानं, एकेक करून, तिचे पाय वर उचलून ठेवले.