सत्तेचाळीस नंबरचा ठसा

यज्ञेश्वर धर्माधिकारी सरांना एक खोड होती. चार माणसं हसली की त्यांना चेव यायचा. श्रीरामपूरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, खोड मात्र कामावरच राहिली. उलट विभागातल्या बाटल्या, सांगाडे, पेंढा भरलेले पक्षी एका हॉलमध्ये मांडून त्यांनी निसर्ग-संग्रहालय उभं केलं आणि दर मे महिन्यात तिथं पंधरा दिवसांचं उन्हाळी प्रदर्शन भरवायला लागले, तेव्हापासून त्या खोडीला रोज नवे श्रोते मिळायला लागले.

प्रदर्शन होतं मात्र झकास. आईबापांनी पोरांसोबत जमिनीवर बसायचं आणि घुबडाने ओकलेल्या गोळ्यांतून चिमट्याने उंदराची हाडं वेचायची. एरवी मोबाईलमधून मान वर न काढणारे बाप उंदराचा जबडा सापडला म्हणून पोरांच्या आधी ओरडायचे. सापाची कात, सुगरणीची घरटी, मधमाश्यांचं पोळं, सगळं हाताळायला मोकळं. पण खरी झुंबड ठशांवर. प्रत्येक घराला प्लास्टरची पुडी आणि बूड कापलेला दह्याचा डबा मिळायचा. आपल्या परिसरात ओल्या मातीत पाऊल दिसलं की भोवती डबा दाबायचा, प्लास्टर कालवून ओतायचं, वाळलं की उचलून सरांकडे आणायचं. सर बघून सांगणार, चिठ्ठीवर लिहून सही करून देणार, वहीत नोंद करून ठसा ठेवून घेणार.

आता या उसाच्या पट्ट्यात बिबट्याची भीती घरोघर. त्यामुळे शंभरातले साठ ठसे यायचे कुत्र्याचे आणि साठातले चाळीस बिबट्याचे म्हणून यायचे. माणसं पिशवीतून ठसा काढताना आवाज खाली आणायची. सर चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, "अरे बापरे! याचं नाव मोत्या असणार." हॉल हसायचा. ठसा आणणाराही हसायचा, कारण त्याच्या जिवात जीव आलेला असायचा. आठ वर्षांत एकही बिबट्या निघाला नव्हता, आणि सरांना त्याची सवय झाली होती.

शेवटच्या दिवशी, शनिवारी, सगळे ठसे धुऊन भिंतीवर लावायचे होते. पाच वाजता पाहुणे येणार होते, सरांचा सत्कार होता. साडेतीन वाजता वाल्मिक आत आला. वाल्मिक हा प्रयोगशाळेचा जुना परिचर. सरांच्या हाताखाली वीस वर्षं काढलेला, त्यामुळे त्यांना न घाबरणारा. त्याच्या हातात जुना टूथब्रश आणि एक ओला ठसा होता.

"सर, सत्तेचाळीस नंबर. वहीत कुत्रा लिवलंय तुमी."

"मग असेल कुत्रा."

"नखं दिसंनात ह्याची."

सरांनी ठसा घेतला. वाल्मिकने माती काढून तो लख्ख केला होता. चार बोटं, गोल बसलेली. नख एकाही बोटापुढे नाही. मागची गादी रुंद, आणि तिची मागची कड तीन ठिकाणी फुगलेली. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा चुकला नसता. बिबट्या.

एकतीस वर्षं ते पोरांना ओरडून सांगत आले होते की ठसा आधी धुवा, मग तोंड उघडा. आणि मंगळवारी त्यांनी स्वतः हा ठसा धुतला नव्हता. धुतला नव्हता हेही ठीक, नीट हातातसुद्धा घेतला नव्हता. रांग लांब होती, हॉल भरलेला होता, मोत्याचा विनोद नुकताच रंगला होता.

सगळं आठवलं. दहा-अकरा वर्षांची मुलगी, घट्ट दोन वेण्या. बरोबर तिची आजी. मुलगी म्हणाली होती, "सर, ह्याला नखं न्हाईत. मी बघितलंय त्याला. टाकीपाशी बसला हुता." सर म्हणाले होते, "नखं मातीत बुजली असतील बाळ. आणि तू स्वप्न बघितलं असशील." हॉल हसला. मग आजीने पदर सावरत विचारलं होतं, "मंग सर, अंगनात झोपाया हरकत न्हाई ना? ही पोरगी झोपूच देईना. पत्र्याखाली जीव जातोय, बारकं पोर रात-रात रडतंय."

त्यावर आपण काय बोललो तेही सरांना शब्द न् शब्द आठवलं. "खुशाल बाज काढा आजी. फार तर कुत्रं येऊन पायथ्याशी झोपेल." लोक पोट धरून हसले होते. आणि सरांनी ऐटीत सही ठोकली होती.

मंगळवार, बुध, गुरू, शुक्र. चार रात्री झाल्या होत्या. ही पाचवी येत होती.

वहीत नाव होतं, एंजल जस्टिन त्रिभुवन. पत्ता हरेगाव रस्त्याची एक वस्ती. फोन होता, पण बंद लागत होता. सरांनी सात वेळा लावला. वनविभागात लावला, तिथला माणूस भला होता. गाडी दुसरीकडे गेलीय, आली की पाठवतो, तोवर तुम्ही त्या लोकांना आत झोपायला सांगा, म्हणाला. सांगायचं खरं, पण कसं? सर खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. एका पोराने घुबडाच्या गोळीत सापडलेलं हाड पुढे केलं तर त्याच्यावर खेकसले. पोराची आई बघतच राहिली. एवढ्यात प्राचार्य येऊन म्हणाले, "सर, शाल तुमच्या मापाची आणलीय बरं का."

"वाल्मिक, तू जाऊन ये," सर हळूच म्हणाले. "गाडी आहे तुझी. सांग त्यांना."

"जातो की," वाल्मिकने किल्ली काढली. दारापर्यंत गेला आणि वळला. "पन सर, त्ये माझं का ऐकत्याल? सही तुमची हाय."

हे सरांनाही ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्यांनी वाल्मिकला पुढे घातलं होतं, कारण आपण चुकलो हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून गेलेलं बरं असतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं बैलाबरोबर गाडीही रिकामी जाणार होती. सरांनी ठसा रुमालात गुंडाळला, प्राचार्यांना म्हणाले, "ती शाल पाहुण्यांनाच घाला," आणि वाल्मिकच्या मागे जाऊन बसले.

निघायलाच पावणेपाच वाजले. हवा भट्टीसारखी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, मध्ये मध्ये कापून गेलेल्या शेतांचा फुटवा. एरवी सरांना हा रस्ता आवडायचा. आज प्रत्येक बांधाकडे ते असे बघत होते की जणू ऊस उघडेल आणि आतून कोणीतरी विचारेल, काय सर, ओळखलं का?

आणि नेमकी वाटेत वरात. डीजेच्या ट्रॅक्टरने रस्ता अडवलेला, नवरदेव घोड्यावर, मित्रमंडळी घामाने निथळत नाचतेय. वाल्मिकने हॉर्न वाजवला तर दोघं जण हॉर्नच्या तालावर नाचायला लागले. सर खाली उतरले, गर्दीत घुसले, "अहो, तातडीचं आहे, वाट द्या," म्हणाले, तर कोणीतरी त्यांच्या डोक्याला फेटा गुंडाळला. अर्धा तास गेला. पुढे वस्तीचा रस्ता चुकला. कालव्याला दोन पूल होते, त्यांनी अर्थातच नको तो धरला. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला तेव्हा कुठे पत्र्याची चार-पाच घरं दिसली.

अंगणात नुकतंच पाणी मारलेलं होतं. आणि बाजा बाहेर होत्या. एकदोन नव्हे, सरांनी मोजल्या, नऊ. एका बाजेवर गोधडी अंथरून दोन वर्षांचं पोर खेळत बसलं होतं. सुखरूप आहे, सगळे सुखरूप आहेत, एवढंच ते मनात म्हणत राहिले.

"अगं बया, सर!" ती मंगळवारची आजी, मरियमबाई, पदर सावरत पुढे आली. "जस्टिन, खुर्ची आन रं. बारक्या दानीएलला घे बाजूला. सर, पानी घ्या."

खुर्ची आली, तांब्या आला, बघता बघता सगळी वस्ती गोळा झाली. शेजारच्या मळ्याचे आप्पासाहेब, जाडजूड, मिशाळ, बसायला आलेलेच होते. घराच्या दाराला सरांची चिठ्ठी खळ लावून चिकटवली होती. कुत्रा, आणि खाली सही.

"तुमचे लई उपकार हायेत सर," एंजलचा बाप जस्टिन म्हणाला. "पंधरा दिस ह्या पोरीनं समद्या वस्तीला आत कोंडलं हुतं. बिबट्या बघितला म्हनून. तुमची चिठ्ठी आली तवा लोकं बाहेर पडली. आता निवांत झोपत्यात."

सर उभे राहिले. रुमाल सोडून ठसा पुढे धरला. "जस्टिन, तो बिबट्याच आहे. मी चुकलो. बाजा आत घ्या."

मग आप्पासाहेब खो खो हसायला लागले.

"आयला, सर म्हंजे सर! मी आईकलं हुतं, लई गमतीशीर मानूस हाय म्हनून. मोत्याचा बिबट्या केला की वो तुमी!"

आणि अख्खी वस्ती हसली. मरियमबाई पदराला डोळे पुसत हसल्या. बाजेवरचं दानीएलसुद्धा सगळे हसतात म्हणून टाळ्या पिटायला लागलं. "मी खरं सांगतोय," सर म्हणाले, तर आणखी मोठा हशा. "डोक्याला फेटा बांधून सांगत्यात की वो!" मागून कोणीतरी म्हणालं. वरातीतला फेटा डोक्यावरच राहिला होता. सरांनी तो ओढून काढला तर तोही विनोदच ठरला. आयुष्यभर ज्या आवाजासाठी जीव टाकला, तो आवाज आता चहूबाजूंनी येत होता आणि सरांना तो बंद करता येईना.

"हसू नका!" सर ओरडले. आवाज चिरकला. "देवाशपथ सांगतो, हसू नका! लेकरं आहेत इथं!"

म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी बघून हसू एकदम थांबलं. वाल्मिक पुढे आला. "सर मस्करी करत न्हाईत. सोताचा सत्कार सोडून आलेत."

"एंजल कुठे आहे?" सरांनी विचारलं.

मरियमबाईंनी मान खाली घातली. "आत हाय. ती बाहेर येतच न्हाई अंधार पडाया लागला की. एकटीच दार लावून झोपती पत्र्याखाली. परवा ह्या दानीएललाबी वढून आत न्याया लागली, त्ये रडाया लागलं, तवा मी..." त्या थांबल्या. "तवा मी दोन चापटा दिल्या तिला. खोटं बोलून लेकराला भ्येवडवती म्हनून."

सर दारापाशी गेले. दारावरच्या चिठ्ठीला बोट न लावता त्यांनी कडी वाजवली. "एंजल, मी संग्रहालयातला सर. मला ती जागा दाखवशील?"

बऱ्याच वेळाने दार उघडलं. घामाने चिंब झालेली, तीच दोन वेण्यांची मुलगी. तिने सरांकडे पाहिलं नाही. त्यांना ओलांडून ती सरळ पाण्याच्या टाकीकडे चालू लागली. मागोमाग सगळी वस्ती, आता मुकाट्याने.

टाकीच्या नळाखाली चिखल होता. कडेला माणसांची पावलं होती, शेळीची होती. आणि त्यावरून, अगदी वरून, गोल, रुंद, बिननखांची. एंजलने बोट दाखवलं. एक, मग दुसरं, मग तिसरं. ती वाकून पुढे सरकत होती आणि लोक तिच्या बोटामागे डोळे फिरवत होते. ठसे टाकीवरून अंगणाकडे वळले होते. शेवटचा ठसा आज पाणी न पोचलेल्या कडेला, कालच्या सड्याच्या वाळलेल्या मातीत उमटला होता. तिथून दानीएलची बाज चार हातांवर होती.

आप्पासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. जस्टिन पळत गेला आणि पोराला बाजेवरून उचलून त्याने छातीशी इतकं आवळलं की ते रडायला लागलं. मग बायका धावल्या, गोधड्या, उशा, कोंबड्या, जे हाताला लागेल ते आत न्यायला लागल्या.

टाकीपाशी सर आणि एंजल दोघंच उरले. तिने आता पहिल्यांदा त्यांच्याकडे वर पाहिलं. रागाने नाही, नुसतं विचारायचं म्हणून.

"सर, तवा तुमी बघितलंच न्हवतं ना?"

सरांना पुष्कळ उत्तरं सुचली. रांग होती, घाई होती, माती लागलेली होती. त्यांतलं एकही त्यांनी दिलं नाही.

"नाही बाळ," ते म्हणाले. "लोक हसत होते. मी त्यांच्याकडे बघत होतो."

एंजलने मान डोलावली. हेच तिला वाटलं होतं. मग ती अंगणात गेली. मरियमबाई मोठी बाज एकट्याच ओढत होत्या, बाजेचे पाय मातीत रुतत होते. एंजलने एक बाजू धरली. तिच्याकडे बघताच आजीचा चेहरा एकदम रडवेला झाला, पण एंजल म्हणाली, "चल ना आजी, अंधार पडतोय," आणि दोघींनी मिळून बाज उचलली.