न रडलेली साखराबाई

धर्मापुरीहून स्वप्नालीला बघायला पाहुणे आले होते. ती पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, तेव्हा मुलाच्या आईनं, वत्सलाबाईनं, आधी हातातल्या मोबाईलकडं पाहिलं, मग तिच्याकडं, मग पुन्हा मोबाईलकडं.

"फोटोतली पोरगी कुठं हाय?"

पोह्यांना हात न लावता पाहुणे वडवणीतून माघारी गेले.

फोटो केला होता मामेबहिणीनं, संस्कृतीनं. दोघींनाही फोटोचा नाद. पण संस्कृतीकडं भारी कॅमेरा आणि दरमहा पैसे भरून वापरायचं व्यावसायिक सॉफ्टवेअर. स्वप्नालीचा सावळा रंग तिनं गोरापान केला, नाक बारीक केलं आणि तिला न दाखवताच फोटो परस्पर धर्मापुरीला धाडला. वर हळदीकुंकवाला बायकांत हसून म्हणाली, "सॉफ्टवेअर कितीही भारी असू दे गं, मुळात काही असावं लागतं ना!"

स्वप्नालीही हसली. पण ते वाक्य तिनं गाठीशी बांधलं.

तिनं जुन्या लॅपटॉपवर फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. मग संस्कृतीच्या मागं लागली, "मला पण ने की फोटो काढायला."

"फुकटच्यात काय होतंय?" संस्कृतीनं नाक मुरडलं. पण स्टँड उचलायला कुणीतरी हवंच होतं.

शिकता शिकता स्वप्नालीनं महागडं सॉफ्टवेअरही चाचणीपुरतं उतरवून पाहिलं. उजेड, रंग, काटछाट दोन्हीत होत होती. फुकटच्यात घाम निघायचा एवढंच. पण एक गोष्ट महागड्यातच होती. फोटोतली जागा आखून काय हवं ते नुसतं लिहायचं, आणि तिथं नव्हतं ते उगवायचं. ढग म्हणा, पाखरं म्हणा. हे कळलं तेव्हा तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. आता फक्त संस्कृती ते चारचौघांत कधी वापरते, याची वाट पाहायची होती.

एकदा घाटनांदूरच्या माळावर दोघींनी साखराबाईचे फोटो काढले. साखराबाई मेंढ्या राखायची. एका मेंढीनं संस्कृतीच्या पिशवीचा बंद चावला आणि म्हातारी पोट धरून हसत सुटली. स्वप्नालीनं तेव्हाच मोबाईलवर तिला टिपलं.

पुढं अंबाजोगाईत एका मंडळानं हौशी छायाचित्रकारांची स्पर्धा घेतली. नियम साधा होता: उजेड आणि रंग सुधारा, पण नसलेलं काही घालू नका. पहिलं बक्षीस संस्कृतीला मिळालं. फोटोत मागं भेगाळलेली जमीन, आणि साखराबाईच्या गालावर टपोरा थेंब.

मंडळाला एक फोन केला असता तर काम भागलं असतं. स्वप्नालीनं केला नाही. बक्षीस समारंभाला संस्कृतीचे होणारे सासूसासरे येणार होते. त्या दिवशी स्वप्नाली घाटनांदूरला गेली. "माय, तुझा मोठा फोटो लावलाय. बघायला चल."

सभागृहात साखराबाई फोटोसमोर उभी राहिली.

"मी कवा रडले गं? त्या दिशी तर मेंढीनं हिची पिशवी खाल्लती. हसून हसून पोट दुखलं माझं. आन् ही जमीन कुठली? आमच्या माळाला तर गवत हुतं."

मंडळाच्या अध्यक्षांनी मूळ फाइल मागितली.

"डिलीट झाली," संस्कृती पुटपुटली.

"माझ्याकडं हाय की, त्याच वेळचा," स्वप्नालीनं मोबाईल पुढं केला. "फुकटच्या सॉफ्टवेअरमधला. नुसता उजेड वाढवलाय."

बक्षीस परत घेतलं गेलं. होणारी सासू तडक उठून गेली. संस्कृतीचे वडील, बद्रीनाथमामा, खुर्चीत मान घालून बसले. बाहेर गाडीपाशी संस्कृतीनं स्वप्नालीला गाठलं. काजळ ओघळलं होतं.

"मला एकटीला सांगता आलं असतं ना!"

"आलं असतं."

"मग?"

"वत्सलाबाई मला एकटीला बोलल्या नव्हत्या."

परतीच्या जीपमध्ये साखराबाई तोंड फिरवून बसली. गाव आल्यावर म्हणाली, "फोटो दावायला न्हेलतंस का तिचं नाक कापायला?"

"दोन्हीला, माय."

"मग मला कावून मधी घातलंस? परत बोलवू नकोस. आन् त्यो हसायचा फोटो मोठा करून धाड."

स्वप्नालीनं तो फ्रेम करून स्वतः नेऊन दिला. म्हातारीनं चहाही विचारला नाही. येताना रस्ताभर स्वप्नालीला वाईट वाटत राहिलं, पण ते साखराबाईचं. संस्कृतीचं लग्न मोडलं की राहिलं, हे तिनं आजवर कुणाला विचारलेलं नाही.