शेजारच्या सीटचा ब्रेक

मी एक जुनी, पांढरी, चार दारांची गाडी आहे. मित्रांनो, अशा गाड्या तुम्ही रोज बघता आणि विसरता. पण मला दोन ब्रेक होते. एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. तिथे आम्ही सगळ्या सारख्याच होतो. माझा खरा जन्म त्यानंतर तीन आठवड्यांनी एका मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये झाला, असे मी मानते. त्याने शेजारच्या सीटपुढची रबरी चटई उचलली, पत्र्याला चार भोके पाडली आणि ब्रेक व क्लचची जादा पेडले बसवली. टपावर पाटी चढली. दारांवर निळी अक्षरे आली. मला विकत घेणारी बाई कमरेवर हात ठेवून हे सगळे बघत होती. काम झाल्यावर ती शेजारच्या सीटवर बसली, ब्रेक तीनदा दाबून पाहिला आणि म्हणाली, "झालं. आता समोर कोणालाही बसवा."

बाई गाडी चालवायला शिकवायची. गल्लीत तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. तिला ते माहीत होते आणि मनातून आवडतही होते.

अकरा वर्षे आम्ही दोघींनी हे काम केले. सकाळी साडेसहा ते दहा, दुपारी चार ते सात. बाईच्या वहीत सहाशे बारा शिकणाऱ्यांची नावे आहेत. त्यातले पहिल्या दिवशी न घाबरलेले फक्त दोघे, आणि त्या दोघांनीच मला भिंतीवर घातले.

एक नर्स होती. "आरशात बघा," म्हटले की ती एका हाताने केस सारखे करायची. "अहो, केस छान आहेत तुमचे," बाई म्हणायची, "मागची बस कशी आहे ते सांगा!" एक सदुसष्ट वर्षांचे शिंपी होते. बायकोची नजर गेली, तिला दवाखान्यात न्यायला कोणी नाही, म्हणून शिकायला आले. "बाई, या वयात जमेल का हो?" त्यांनी विचारले. बाई म्हणाली, "आजोबा, चाळीस वर्षं शिलाई मशीनवर पाय चालवलाय तुम्ही. पाय तयार आहे, रस्ता तेवढा नवा." परीक्षा पास झाल्यावर त्यांनी माझ्या सीटांना स्वतःच्या हाताने खोळी शिवून दिल्या. टाके इतके बारीक की अजून एकही उसवलेला नाही.

बाईच्या घरी दुसरे कोणी नव्हते. दुपारचे जेवण ती माझ्यातच जेवायची, शेजारच्या सीटवर बसून, काच चार बोटे खाली करून. तिचे म्हणावे असे माणूस एकच, धाकटा भाऊ. त्याने फर्निचरचे दुकान काढायला कर्ज घेतले. कागद घेऊन तो रस्त्यातच आम्हाला गाठायला आला होता.

"ताई, नुसती सही आहे. तुला एक पै भरायची नाही."

बाईने माझ्या बॉनेटवर कागद ठेवून जामीन म्हणून सही केली. दीड वर्षात दुकान बुडाले. भाऊ गाव सोडून गेला, त्याचा फोनही लागेना. मग बाईच्या नावाने कोर्टाची पत्रे येऊ लागली. बाई ती पेटीतून काढायची, उलटसुलट करून बघायची आणि न उघडता माझ्या पुढच्या कप्प्यात टाकायची. एक, दोन करत सात पाकिटे झाली. कप्पा लागेना, तेव्हा तिने तो दोऱ्याने बांधला.

एका मंगळवारी पावणेदहाला आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो. नर्सच चालवत होती. बाईच्या दारात तपकिरी फाइल घेतलेला एक किडकिडीत माणूस उभा होता. बाईने शेजारचा ब्रेक इतक्या जोरात दाबला की मी जागच्या जागी उभी राहिले.

"काय चुकलं माझं?" नर्सने घाबरून विचारले.

"काही नाही. वळू नका, सरळ घ्या. घर मागे राहू दे."

तो बेलीफ होता, म्हणजे कोर्टाचा जप्तीचा हुकूम बजावणारा माणूस. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बाईला नंतर सगळे सांगितले. "गाडीचं विचारत होता हो. नंबरसुद्धा होता त्याच्याकडे. मी म्हटलं, मला गाड्यांतलं काही कळत नाही, मला सगळ्या पांढऱ्याच दिसतात."

त्याच दिवशी पाच वाजता बाईने मला मिस्त्रीकडे नेले. पाटी काढ, अक्षरे खरवड, दुसरी पेडले उखड, असे तिने सांगितले.

"बाई, नंबर तर तोच राहणार ना?" मिस्त्री म्हणाला.

"नंबर कोण बघतं? अकरा वर्षं बघतेय मी. रस्त्यावर माणसं पाटी बघतात आणि लांब होतात. शिकवायची गाडी शोधणाऱ्याला शिकवायची गाडी दिसलीच नाही, तर तो नेणार काय?"

"पोटच काढून घेताय तिचं."

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे. पेडलं ठेव तुझ्याकडे."

मिस्त्रीने नाइलाजाने पाना घेतला. मित्रांनो, मला दुखले असे मी म्हणणार नाही. पत्र्याला दुखत नाही. पण बाहेर पडल्यावर पहिल्याच चौकात मागच्या ट्रकने माझ्यावर भोंगा मारला, तेव्हा मला कळले की आता मी कोणीच नाही. पाटी होती तोवर ट्रकसुद्धा मला सांभाळून घेत.

बाईने मला चार रस्ते पलीकडे, एका बंद पडलेल्या कागदाच्या गोदामामागे उभे केले. तिथल्या रखवालदाराची मुलगी तिच्याकडे शिकली होती. वर ताडपत्री टाकली, कडांवर विटा ठेवल्या. चार दिवसांचे नऊ आठवडे झाले.

ते नऊ आठवडे मी कोणाला सांगावेत? ताडपत्रीखाली सकाळ हिरवी असते आणि दुपार जरा जास्त हिरवी. कोणी गिअर चुकवत नाही, कोणी "सॉरी बाई" म्हणत नाही. टायरमधली हवा बसत गेली. बॅटरी उतरली. भिंतीपलीकडे रोज साडेसहाला एक गाडी सुरू व्हायची आणि निघून जायची. मी तिची वाट बघू लागले, इतकी मी एकटी होते.

बाई दर तीन-चार दिवसांनी यायची. शिकणाऱ्यांना तिने गाडी दुरुस्तीला आहे म्हणून सांगितले होते. आधी ते फोन करायचे, मग ते दुसरीकडे गेले. ताडपत्रीचे टोक उचलून ती आत शिरायची आणि चालवणाऱ्याच्या सीटवर न बसता आपल्या जागी बसायची. एकदा बाहेर कुत्रे भुंकले, तेव्हा दचकून तिने पाय दाबला. तो मोकळ्या पत्र्यावर आपटला. मग वाकून तिने बाजूला पडलेली चटई भोकांवर ओढली.

दहाव्या आठवड्याच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, ताडपत्री ओढली गेली. समोर तोच किडकिडीत माणूस होता. मागे गाड्या ओढून नेणारा ट्रक उभा होता. बेलीफने फाइलमध्ये बघितले, माझ्या नंबराकडे बघितले आणि मान हलवली. इतके सोपे होते ते.

रखवालदाराने फोन केला. बाई धापा टाकत आली.

"साहेब, ही नेऊ नका. माझं पोट आहे हिच्यावर. मी गाडी शिकवते."

बेलीफने चष्मा पुसला. "बाई, पत्रं वाचली नाहीत तुम्ही?"

बाईने दोरा सोडला. माझ्या बॉनेटवर तिने सातही पाकिटे फोडली. बेलीफने तिसऱ्यातला एक पिवळा कागद बाहेर काढला.

"हा अर्ज. ज्याच्यावर पोट आहे ते साधन जप्तीतून सुटतं. भरून दिलात की आम्ही येऊन बघतो आणि सोडून देतो. मुदत संपत आली होती म्हणून मी स्वतः घरी आलो होतो. काकूंकडे तसं सांगूनही गेलो."

"त्यांनी फक्त नंबराचं सांगितलं," बाई म्हणाली. "पण अजून बघता येईल ना?"

"मुदत गेली, पण साधन जागेवर दिसलं तर मला तसं लिहून देता येतं. म्हणून तर बघतोय." त्याने दार उघडले. तो वाकला आणि चटई उचलली. "ही भोकं?"

"तिथे पेडलं होती. मीच काढली."

"भोकांवर मला लिहून देता येत नाही हो, बाई. पेडलं आणा. मी थांबतो."

"साहेब, आणखी दोन गाड्या आहेत आज," ट्रकवाला कुरकुरला.

"बिडी ओढ जरा," बेलीफ म्हणाला.

बाईने मिस्त्रीला फोन लावला. मला त्याचे बोलणे ऐकू आले नाही. बाईचे आले. "कधी?... दुसऱ्या शिकवायच्या गाडीला बसवलीस?... नाही रे, तुझं काय चुकलं. मी चार दिवस म्हटलं होतं."

बेलीफने मोठ्याने म्हणत पंचनाम्यात लिहिले: शेजारच्या सीटपुढे चार भोके, जुनी. तो वाईट माणूस नव्हता. त्याने जे दिसले ते लिहिले.

आता मी जप्तीच्या आवारात उभी आहे. बाईने दुसऱ्याच दिवशी अर्ज भरला. आठव्या दिवशी उत्तर आले की पाहणीच्या वेळी शिकवण्याचे साधन आढळले नाही, अर्ज नामंजूर. उद्या दहा वाजता माझा लिलाव आहे.

आज सामान काढून घ्यायला बाईला पाच मिनिटे मिळाली. मला वाटले ती खोळी नेईल. तिने नेल्या नाहीत. तिने घरून लिहून आणलेला एक कागद चालवणाऱ्यासमोर चिकटवला. मला वाचता येत नाही, पण चिकटवताना ती हळू वाचत होती.

"थंडीत चावी फिरवली की तीनपर्यंत मोजा, मग निघा. दुसरा गिअर अडतो. जोर लावू नका, क्लच सोडून पुन्हा दाबा. मागचं उजवं दार बाहेरून उघडत नाही, आतून उघडून द्या. पावसात काच धुरकटते, चार बोटं खाली ठेवा. घाबरट चालवणाऱ्याला ही सांभाळून घेते."

मग आवारातल्या कारकुनाने "चला बाई" म्हटले. तिने दार लावले. आपटले नाही, नुसते ढकलून लावले, आणि लागले की नाही ते ओढून बघितले.

मित्रांनो, माझे तुम्हाला एकच सांगणे आहे. ज्याच्यावर तुमचे पोट आहे, त्याला संकटात झाकून ठेवू नका. ते काय काम करते हे चार लोकांना दिसू द्या. आम्हा वस्तूंना स्वतःची बाजू मांडता येत नाही. आणि उद्या तुमच्यापैकी कोणाचे वडील किंवा काका मला घेऊन घरी आले, तर त्यांना सांगा, दुसऱ्या गिअरला जोर लावू नका.