जुन्या मापाचं गॅस्केट

माणसाने सोसावं तरी किती? ट्रॅक्टर आमचा म्हातारा, त्याहून हट्टी आमचे बाबा, आणि दोघांच्या कचाट्यात पाना घेऊन मी.

इंजिन धूर ओकायला लागलं तेव्हा मीच म्हटलं, ब्लॉक कापून मोठे लायनर आणि मोठे पिस्टन बसवू. लेथवाल्याने ब्लॉक परत देताना बजावलं, "ताई, आता यात कापायला काही उरलं नाही. पुन्हा बिघडलं तर थेट भंगारात." म्हणून मी प्रत्येक लायनर मापून बसवला, प्रत्येक रिंग तेल लावून चढवली. बाबा समोर स्टुलावर बसून "हळू, अगं हळू" करत होते, जणू मी कालच पाना हातात धरला!

मग ब्लॉक आणि त्याचं वरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामध्ये बसणाऱ्या गॅस्केटवर गाडं अडलं. बाबांनी कपाटातून वर्षानुवर्षं जपलेलं एक काढलं, कोरं करकरीत, पण जुन्या मापाचं. मी ते ब्लॉकवर ठेवून दाखवलं. प्रत्येक भोकाची कड आत डोकावत होती.

"बाबा, पिस्टन मोठा केलाय. वर आला की या कडेला आपटेल."

"चांगली वस्तू आहे. फेकून देऊ?"

"फेकू नका, भिंतीला टांगा! पण इथे नको."

"मापं तू घे. चालू झालं की मी आवाजावरून सांगतो."

आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगण्यात बाबांचा हात कोणी धरू शकत नसे, आणि ते हे कोणाला विसरूही देत नसत. मी गाडी काढली आणि मोठ्या मापाचं गॅस्केट आणायला निघाले. दारातून ओरडले, "मी येईपर्यंत हेडला हात लावू नका!" पाठमोऱ्या बाबांनी मानसुद्धा हलवली नाही. हल्ली हे नेहमीचंच. पालथ्या घड्यावर पाणी.

परत येऊन बघते तर हेड बसवलेलं आणि इंजिन सुरू. आतून टक् टक् टक्, पिस्टन कडेला आपटतायत. बाबा माझ्याकडे पाठ करून नळावर हात धूत होते.

"बंद करा! बाबा, बंद करा ते!"

ते साबण चोळत राहिले. माझं डोकंच फिरलं. धावत जाऊन मी इंजिन बंद केलं आणि त्यांची चांगली खरडपट्टी काढायला वळले. शेडमध्ये नळाच्या धारेशिवाय आवाज नव्हता.

बाबांनी मान वळवली, मला पाहिलं आणि चालू इंजिनावर मात करायला ओरडावं तसे ओरडले, "बघ, कसं गोड चालतंय! आवाज ऐक, आवाज!"

इतके दिवस मी चिडत होते ती कशावर? हातातलं गॅस्केट खाली ठेवलं, नळ बंद केला आणि माझे ओठ दिसतील अशी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"बाबा," मी म्हटलं, "इंजिन बंद आहे."