सिंहासनाच्या पाठीवरचा हात

सरपंच झाल्यापासून दर्शनाच्या वाट्याला दोनच गोष्टी आल्या होत्या: हार आणि सह्या. हार तिच्या गळ्यात पडत. सही कुठे करायची ते नवरा राजेश बोट ठेवून दाखवी. मागच्या बैठकीला तर ती बाकावर आणि तो तिच्या खुर्चीत. सोमवारी पहिली ग्रामसभा. तेव्हाही तसंच होणार, हे गावाने धरूनच ठेवलं होतं.

त्या सभेसाठी राजेशने महाडला मुकुलच्या दुकानात बॅनर सांगितला होता. तो बघायला दोघं पोलादपूरच्या डोंगरातून खाली उतरली. मुकुलने कॉम्प्युटरवर चित्र उघडलं. कॉम्प्युटरनेच रंगवलेलं ते: सोन्याचं सिंहासन, मागे कडाडणारी वीज, मुकुट घातलेली दर्शना, पायाशी सिंह.

"खतरनाक!" राजेश म्हणाला. मुंबईत बारा वर्षं काढून आला होता तो. "बघ गो, रानी केली तुला."

दर्शनाने तांदूळ निवडावेत तसं चित्र निवडायला घेतलं. तिचा रंग फारच उजळला होता, ते तिने सोडून दिलं. पण पाय जमिनीला टेकत नव्हते. दोन्ही हात जोडलेले. सिंहाची साखळी शेजारी उभ्या राजेशच्या डाव्या हातात, आणि उजवा हात सिंहासनाच्या पाठीवर, मालकाने बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"मुकुलभाऊ, ह्यात राज्य कोनाचं हाय?"

मुकुल हसला. "वहिनी, बसलायत तुम्ही. पण उठायचं झालं तर साहेबांना विचारावं लागेल."

राजेशही हसला, मग त्याला ते लागलं. "अरे, शोभेसाठी असतं ते."

"शोभेसाठीच हाय ना? मग काढा तो हात. साखळी पन. नि माझं हात सोडवा."

"हात फार अवघड, वहिनी. कॉम्प्युटर सहा बोटं देतो."

"मग ह्ये घ्या." तिने आपला हात टेबलावर ठेवला. नाचणी कापून भेगाळलेला, एक नख फुटलेला. मुकुलने त्याचा फोटो काढला, चित्रातले जोडलेले हात पुसले, एक पदराआड घेतला आणि सिंहासनाच्या सोनेरी दांडीवर हा खरा हात बसवला. अख्ख्या चित्रात तेवढंच जिवंत दिसत होतं. मग त्याने साखळी पुसली आणि राजेशचा हात खाली घेतला.

पण राजेश रंगवलेला होता सिंहासनाला रेलून. आधार गेला तसा तो वाकडा झाला.

"मी पडतोय असा का दिसतोय?"

मुकुलने चित्र मोठं करून पाहिलं.

"सोमवारी खुर्चीत मी बसनार," दर्शना चित्रावरची नजर न काढता म्हणाली. "तुमी समोर बसा, मानसांत."

"लोक काय बोलतील?"

"बोलतीलच. उत्तर मी देईन."

राजेश पडद्यावरच्या स्वतःकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मला सरळ करता येईल का रे?"

मुकुलने दर्शनाकडे पाहिलं.

"करा सरळ," ती म्हणाली. "पन जरा लांब उभं करा."