खालची चार बोटं

तिला सगळे दुर्बीण म्हणत. विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा तपासणाऱ्या तीन नंबरच्या एक्स-रे मशीनच्या पडद्यासमोर ती नऊ वर्षं बसत होती, आणि बुटाच्या टाचेत दडवलेलं पातंसुद्धा तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. घरी सासूबाईंची सुई हरवली तरी हाक तिलाच. तिला याचा अभिमान होता आणि तो ती फारसा लपवतही नसे.

आठ महिन्यांपूर्वी मशीन बिघडलं. पडद्याच्या तळाशी चार बोटं रुंदीची काळी पट्टी आली आणि तिच्यात काही म्हणजे काही दिसेना. तक्रार झाली. कंपनीचा माणूस आला, मान हलवून गेला. सुटा भाग मागवलाय, असं उत्तर आलं, आणि पुढे दर महिन्याला तेच उत्तर येत राहिलं, फक्त तारीख बदलून. मशीन बंद ठेवावं तर रांग दारापर्यंत जायची आणि वरून फोनवर फोन यायचे. शेवटी शिफ्टच्या साहेबांनीच शक्कल लढवली. सरकत्या पट्ट्यावर ट्रे उपडा ठेवायचा आणि त्याच्यावर बॅग. बॅग चार बोटं वर उचलली जाई, काळ्या पट्टीत नुसता ट्रे येई आणि बॅग अख्खी दिसे.

रोज सकाळी मशीनची चाचणी घ्यायची पेटी असते, तीही उपड्या ट्रेवरूनच आत जाऊ लागली. पेटीतल्या तारा नि पत्रे नीट दिसत, मग तक्त्यावर ‘मशीन ठीक’ असं लिहून साहेब सही करत आणि त्यांच्याखाली दुर्बीण. सुरुवातीला तिचा हात अडखळे. पण एकही वस्तू सुटत नव्हती, काम अडत नव्हतं. पंधरा दिवसांत अडखळणं थांबलं.

परवा एकदाचा तो भाग आला. मशीन दुरुस्त झालं, पडदा तळापर्यंत लख्ख. साहेबांनी ट्रे सुलटे करायला लावले आणि सगळ्यांना हायसं वाटलं. काल दुर्बिणीने त्याच मशीनवर अख्खी शिफ्ट काढली आणि आज ती वार्षिक परीक्षेसाठी प्रशिक्षण केंद्रात आली. पास झालं तर पडद्यासमोरची खुर्ची राहते, नाहीतर ट्रे उचलायच्या कामाला लागावं लागतं. तिला कसली धास्ती? जेवायच्या आत येते, असं सासूबाईंना सांगूनच ती निघाली होती.

पडद्यावरून पन्नास बॅगा गेल्या. दहांमध्ये बंदी असलेली वस्तू होती. तिने सहा पकडल्या.

तिला वाटलं, मोजण्यात घोळ झालाय. परीक्षक बाई निवृत्तीला आलेल्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी सुटलेल्या चारही बॅगा पुन्हा दाखवल्या आणि बोट ठेवलं. चारही वस्तू बॅगेच्या तळाशी आडव्या पडल्या होत्या. त्यातला सुरा तर चांगला हातभर होता.

बाईंनी तिचे नऊ वर्षांचे गुण चाळले. त्यांना तिची कीव आली असावी. त्या म्हणाल्या, "एखादा दिवस असतो असा. महिन्याने परत बसा. तोवर खुर्ची तुमचीच राहील, मी तसा शेरा लिहिते."

आभार मानायचं सोडून ती सुऱ्याची बॅग तिने पुन्हा लावायला सांगितली. या वेळी तिने बॅगेकडे नाही, स्वतःच्या नजरेकडे लक्ष दिलं. नजर वरून सरसर खाली आली आणि तळाच्या चार बोटं वर थांबली, खाली बघण्यासारखं काही नसल्यासारखी. तिने ती बळेच खाली नेली. क्षणात ती परत वर.

गप्प राहिलं तर खुर्ची शाबूत होती. बोललं तर खुर्चीबरोबर आठ महिन्यांच्या सह्याही अंगाशी येणार होत्या, तिच्या आणि साहेबांच्याही.

"बाई, दिवस वाईट नाहीये," ती म्हणाली. "माझे डोळे खाली बघायचं विसरलेत." मग तिने काळी पट्टी, उपडा ट्रे, चाचणीची पेटी, सह्या, सगळं सांगून टाकलं.

बाईंनी विचारलं, त्या मशीनवर किती जण बसतात. आठ, ती म्हणाली.

"पण मशीन तर आता दुरुस्त झालंय ना?"

"म्हणूनच तर. बॅगा आता खालूनच जातायत. काल मी चारशे बॅगा सोडल्या." तिने टेबलावरचा फोन त्यांच्यापुढे सरकवला. "आत्ता तिथे साहेब बसलेत. आधी फोन करा. माझा शेरा नंतर लिहा."

मशीन थांबलं. रांग दारापर्यंत गेली. दोन दिवसांत बाकीच्या सातांची परीक्षा झाली. साहेबांसकट सहा जण नापास झाले, आणि सगळ्यांच्या सुटलेल्या वस्तू तळातल्याच. पास झालेली सातवी मशीन दुरुस्त झाल्यावर तिथे बदलून आली होती.

पण हे नंतरचं. त्या दुपारी केंद्रातून ती घरी गेलीच नाही, विमानतळावर गेली. चौकशीच्या खिडकीशी उभं राहून तिने कालच्या एकेका विमानाचा नंबर सांगितला आणि ते सुखरूप उतरलं का, ते विचारून घेतलं. यादी संपेपर्यंत ती खाली बसली नाही.